मूठ वर

४ फेब्रुवारी
नाही, मला अभिमान बिभिमान काही वाटत नाही. कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो! सकाळपासून दारात माणसं. "पोरानं नाव काढलं!" समोरचा न्हावी तर गळ्यातच पडायला आला. म्हटलं, हातातला वस्तरा आधी खाली ठेव.

बातमी एवढीच — थोरला पलटणीत आहे, त्याच्या चौकीवर हल्ला झाला. त्यांचा ड्रायव्हर उघड्यावर पडला होता. गोळ्या चालू असताना आमचा थोरला धावत गेला, त्याला पाठीवर घालून घेऊन आला. दोघंही जिवंत. झालं! त्यात नाचायचं काय?

ही रडतेय आणि हसतेय. दूध दोनदा उतू घालवलं.

५ फेब्रुवारी
पुन्हा हल्ला झाला म्हणे. कुठे ते सांगत नाहीत मेले! रेडिओ बंद केला. परत लावला.

८ फेब्रुवारी
थोरल्याचे पलटणीतले साहेब आले. रजेवर घरी जाताना वाट वाकडी करून. वयानं पोरगाच, पण बोलणं मोठ्या माणसाचं. कारखान्यात उलट्या पिंपावर बसले. पदकासाठी नाव पाठवलंय म्हणाले.

"काका, मी मूठ वर केली. आमच्यात मूठ म्हणजे जागेवर थांब. त्यानं बघितलं माझ्याकडे — आणि सरळ निघाला!"

मी हातातला हातोडा खाली ठेवला.

आम्ही पत्र्याच्या टाक्या ठोकतो. घण चालू असला की कानाशी बोंबललं तरी ऐकू येत नाही. सगळा कारभार हातावर. पंजा आडवा — थांब. मूठ वर — घाल जोरात, सोडू नको! थोरला रांगत होता तेव्हापासून हेच बघतोय. जेवताना अजून हवं असलं तरी कार्टा मूठ वर करायचा.

म्हणजे कसली हिंमत नि काय! गाढव चुकला. उद्या परत कुणी मूठ दाखवेल, हा परत पळेल. दर वेळी गोळी बाजूनं जाते का?

माझा धाकटा भाऊ समोर घण घेऊन उभा. डोळ्यांनीच दटावत होता — बोलू नकोस, दादा. बोललो. सगळं सांगितलं. साहेबांचा कप अर्ध्यावर थांबला. "नक्की?"

मी नुसती मूठ वर केली. भावानं एका दणक्यात पत्रा बसवला. साहेबांच्या पँटवर चहा!

९ फेब्रुवारी
हिला सांगितलं. भांडं आपटलं. "पोराचं पदक घालवलंत!"
"पदक लावून पेटीतून आलेला चालेल का?" म्हटलं.
तोंडातून गेलं ते गेलं. दोघंही न जेवता.

१६ फेब्रुवारी
कळत नाही काही. पोस्टमन दिसला की मी आत जातो. न्हावी विचारतो, पदक कधी? अर्ध्या दाढीवरून उठून आलो.

२१ फेब्रुवारी
साहेबांचा फोन. थोरल्याला समोर बसवून विचारलं म्हणे. तो म्हणाला, वडील सांगतात ते खरं. त्याला मागे घेतलंय, गोदामावर. पदकाचं राहिलं.

ही आत गेली. जाऊ दे. गोदामात गोळ्या येत नाहीत.

२ मार्च
थोरला आला रजेवर. कानशिलावर टाक्यांचे वण. कारखान्यात दोघंच होतो, घण बंद. म्हटलं, "गाढवा, इतकी वर्षं पलटणीत, आणि मूठ म्हणजे थांब एवढं डोक्यात शिरलं नाही?"
"शिरलं होतं. पहिल्याच आठवड्यात."
"मग?"
"दिसली मूठ, बाबा. कळलीही. पण ड्रायव्हर हाका मारत होता."
"अरे, मग साहेबांना तसं का नाही सांगितलंस?"
ऐरणीवरची धूळ हातानं पुसत बसला. माझ्याकडे बघेना.
"तुम्हाला खोटं कसं पाडू?"

बस. आता कुणी काही विचारायचं नाही. मी सांगणार नाही. इथेही नाही.