निरुपयोगी अवशेषांचं कपाट

प्रिय बेडक्या,

या नावाने तुला हाक मारून अठरा वर्षं झाली. तू पोहणं सोडलंस तेव्हा मीही हे नाव सोडलं. आज कागद समोर घेतला आणि दुसरं काही सुचेना. फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो, तू ‘आई बरी आहे ना’ विचारतोस, मी ‘हो’ म्हणतो, की संपलं. आज जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही.

आमच्या शरीररचना विभागाचं संग्रहालय बंद होतंय. मुलं आता सगळं पडद्यावर बघतात. निवृत्तीआधीचं शेवटचं काम म्हणून साडेचारशे बरण्यांची यादी माझ्या गळ्यात पडली आहे. बरणी उचलायची, काच पुसायची, चिठ्ठी वाचायची, वहीत उतरवायची. परवा शिपाई विचारत होता, सर, वाईट वाटत असेल ना? मला काही वाटत नाही. गेली कित्येक वर्षं मला फारसं काही वाटतच नाही, त्यामुळे हे पत्र कोरडं वाटलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

काल खिडकीजवळचं कपाट काढलं. निरुपयोगी अवशेषांचं. मी काही डॉक्टर नाही, बरण्या सांभाळणारा तंत्रज्ञ. पण या कपाटासमोर पहिल्या वर्षाची पोरं माझ्याभोवती घोळका करायची आणि मी रंगात यायचो. पोटातल्या बाळाच्या अंगात सुरुवातीला मुलगा आणि मुलगी, दोन्हींची तयारी असते. मुलगा व्हायचं ठरलं की गर्भाशयाची नळी विरून जाते, पण पुरती जात नाही. प्रोस्टेटमध्ये एक इवलीशी पिशवी उरते, पुरुषाच्या वाट्याला आलेलं गर्भाशय म्हणा ना. आणि वृषणाच्या वरच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ उरते. तिचा जन्मभर काही उपयोग नाही. फक्त वाढत्या वयात कधी तिला पीळ पडतो, मुलगा कळवळतो, आणि थोड्या दिवसांच्या विश्रांतीने आपोआप बरा होतो. मी हे इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

तू तेरा वर्षांचा होतास. शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास तलावावरून वाकून चालत घरी आलास. आईला सांगायची लाज वाटली म्हणून मला सांगितलंस. मी पेपर वाचत होतो. खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. ‘जा, पड जरा, बघतो मी,’ म्हणालो, आणि तू आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलास. पुढचं तुला ठाऊक नाही. तुझ्या आईने तुझा चेहरा पाहिला आणि सरळ पायात चपला घातल्या. ‘अहो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ या, हे काहीतरी वेगळं आहे,’ म्हणाली. मी तिला त्या तांदळाच्या दाण्याचं व्याख्यान दिलं. ‘जन्म गेला माझा यात, तू मला शिकवू नकोस,’ असंही म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. मग चपला काढल्या. संध्याकाळी तुला उलटी झाली, तेव्हा मी म्हणालो, घाबरलाय तो. रविवारी सकाळी तिने मला न विचारता गाडी बोलावली.

पीळ दाण्याला नव्हता, वृषणालाच होता. तो सहा तासांच्या आत सोडवावा लागतो. आपण अठरा तास घालवले होते, म्हणून ते वृषण काढून टाकावं लागलं. मला दोन्ही शक्यता माहीत होत्या, बेडक्या. पुढच्याच फळीवर पीळ पडलेल्या वृषणाची बरणी होती. पण ज्या गोष्टीवर मी भाव खायचो तीच मला आधी आठवली. मी तुला एकदा नीट पाहिलं असतं किंवा कोणा डॉक्टरला फोन केला असता तरी पुरलं असतं.

सर्जन आमच्याच कॉलेजातले. मला पाहून चिडले, ‘अरे, तुम्ही लोक इतका वेळ करत काय होतात?’ तेवढ्यात तुझी आई म्हणाली, ‘मीच थांबवलं. म्हटलं खेळताना लागलं असेल.’ तू शेजारी स्ट्रेचरवर होतास. तू तिच्याकडे पाहिलंस ते मला दिसलं. मी मूग गिळून उभा राहिलो. नंतर तिला विचारलं, असं का बोललीस? तर म्हणाली, ‘तुम्हाला उद्या त्याच माणसांत कामाला जायचंय.’ आणि मी सोमवारी गेलो की कामाला!

त्यानंतर तू तिने वाढलेलं जेवायचास, पण तिच्याशी कामापुरतंच बोलायचास. तू मोठा झालास की सांगू, नोकरी लागली की सांगू, असं करत मी दिवस ढकलले. ती एका शब्दाने मला बोलली नाही. खोटं तिचं आहे, ती निभावतेय, असं म्हणून मी अंग काढून घेतलं.

आता पत्राचं कारण. मी तुला खोटं सांगत होतो, आई बरी नाही. वर्षभर ती विसरते आहे. आधी चाव्या, मग शेजारणीचं नाव, आता दिवसच्या दिवस. मंगळवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती थांबली, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘तुम्ही तेव्हा लगेच न्यायला निघाला होतात. मीच अडवलं. पोराचं वाटोळं केलं मी. मला माफ करा.’ इतकी वर्षं ती जे खोटं बोलली, तेच तिला आता खरं वाटतंय. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? ‘असू दे,’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं खरं सांगितलं, दोनदा सांगितलं. ती हसली. म्हणाली, ‘उगाच माझी समजूत घालू नका.’ माझं तिला पटत नाही. तुझं पटेल. तुला ती अजून ओळखते. ये, आणि तिला सांग की तिने चपला घातल्या होत्या. माझ्याशी जे काही बोलायचं असेल ते नंतर बोल, किंवा बोलू नकोस.

तुझाच,
बाबा