ऐनाच्या पानावरच्या गाठी

३ ऑगस्ट
यवतमाळजवळच्या कळंबला पोचले. रोपवाटिकेतली खोली छान आहे, खिडकीबाहेर ऐनाच्या रोपांचे वाफे. ज्या किड्याच्या अभ्यासासाठी कोल्हापूर सोडलं, तो इथे दारातच आहे. तिळाहून लहान पिल्लू कोवळ्या पानात सोंड खुपसून रस पितं आणि पान बिचारं स्वतःच्याच अंगाची गाठ वाढवून त्याला घर बांधून देतं. गाठ पिकली की ती उघडते, पंख फुटलेला किडा उडून जातो. माझी मदतनीस प्रियंका नेर गावची, हसरी पोरगी. डब्यातली अर्धी भाकर तिने मला दिली. रोपांना पाणी घालणाऱ्या हंसाबाईंनी चहा आणला. इथे मन रमेल.

१२ ऑगस्ट
रोपांवर बांधलेल्या माझ्या जाळीत वाढवायला सोडलेले किडे मरतात. प्रियंकाच्या वाफ्यात मात्र पानं गाठींनी लगडली आहेत. रोपवाटिकेचे साहेब सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटून गेले. हंसाबाई म्हणाल्या, "पोरीच्या हाताले गुण हाये, मॅडम." या किड्यापायी मी लग्न लांबवलं, डोळे खराब करून घेतले. आणि गुण हिच्या हाताला. आज जेवण गेलं नाही.

२० ऑगस्ट
प्रियंकाच्या मनगटावर गाठ आली आहे. हिरवट, मध्यभागी बारीक छिद्र. तिने विचारलं, "हे काय होऊन राह्यलं मले, मॅडम?" भिंगातून मला आत हलणारे पाय दिसले. मी म्हटलं, उष्णतेचा फोड आहे, दवाखान्याची गरज नाही. खोलीत येऊन रडले. तिच्या काळजीने नाही. किड्यांनी तिला निवडलं म्हणून.

२६ ऑगस्ट
गाठी कोपरापर्यंत गेल्या. ती सुकत चालली आहे, गाठी टवटवीत. अंगातला सगळा रस तिकडे. हंसाबाई तिला यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. मला न विचारता.

२७ ऑगस्ट
जाळीत हात घालून बसले. किडे हातावरून चालतात, थांबत नाहीत. माझ्या रक्तात काय कमी आहे –

२ सप्टेंबर
टोचलं. बसला. माझ्या मनगटावर. माझा.

९ सप्टेंबर
गाठ सुपारीएवढी. बोटं काटकुळी झाली. आरशात बघत नाही. हंसाबाई दार वाजवून गेल्या, उघडलं नाही. कोणाला दाखवायची नाही –

१५ सप्टेंबर
प्रियंका परत आली. दवाखान्यात गाठी कापून काढल्या, म्हणे. बरी आहे. हंसाबाईंच्या सांगण्यावरून मला दवाखान्यात न्यायला गाडी आणली आहे. खिडकीशी उभी राहून सांगते, "दार उघडा न मॅडम, मी आली."

तिचा आवाज ऐकून गाठीतला जीव वळला. खिडकीकडे.

छिद्र मोठं होतंय. वरून तळहात दाबला आहे. पंख लागताहेत हाताला – तिच्याकडे नाही जायचं, माझा आहेस, मी तुला –