वापसीच्या तिकिटामागे कोण आहे?

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. परदेशी जाणारी माणसं ठेवतात.
रेवतीला क्वालालंपूरला मुलगा झाला. बारसं मी आणि आशा पोचल्यावरच. नातू पाळण्याआधी माझ्या मांडीवर येणार, असं अर्ध्या चिखलीला सांगून झालं आहे.
संकल्प: यापुढे कुणावरही संशय घ्यायचा नाही. एसटीत जन्मभर तिकिटं तपासली, तेव्हा संशय हा ड्युटीचा भाग होता. आता रिटायर.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
जावयाचा फोन. देवानंद म्हणाला, मामाजी, वापसीचं तिकीट काढूनच या, त्याच्याबिगर देशात घेत नाहीत.
हे कुठलं? पाहुणा दारात उभा, चपला अजून पायात, आणि विचारायचं, जाणार कधी? आमच्याकडे निघालेल्या पाहुण्याची पिशवी लपवून ठेवतात. कुठलाही देश असं विचारणार नाही. जावई विचारेल.

५ नोव्हेंबर
गोकुळच्या दुकानात गेलो. विमानाची तिकिटं, झेरॉक्स, लग्नपत्रिका, सगळं तिथेच. आडून आडून विचारलं. तोही म्हणाला, काका, वापसी लागतेच, विमानवालेच पाहतात. मी विचारलं, आमच्या जावयाचा फोन आला होता का? हाव, म्हणे, तुमच्या नावाची स्पेलिंग सांगाले आला होता.
बस्स. साखळी सापडली.

६ नोव्हेंबर
जावयाने तारीखसुद्धा काढून ठेवली. म्हणाला, महिन्याच्या वर राहू देत नाहीत, म्हणून शेवटच्या दिवसाचं काढा. म्हणजे तारखेसकट बोळवण!
आशा म्हणाली, तुम्हाले सगळे चोरच काऊन दिसतात? मी सांगितलं, बिनतिकिटाचा माणूस मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतो.
फक्त जाण्याचं काढलं. गोकुळ सारखा म्हणत होता, पाहा बरं काका. कमिशन बुडालं ना त्याचं. आशाने तिचं काय ते त्याच्याशी परस्पर बोलून घेतलं.

९ नोव्हेंबर
जावई पुन्हा: तिकीट काढलं का? हो म्हटलं. यात खोटं काही नाही. कोणतं, ते त्याने विचारलं नाही. तपासणीचं तंत्र कच्चं आहे पोराचं.
झबली घेतली. दुकानदार म्हणाला कापड मऊ आहे. गालाला लावून खात्री केली, मगच घेतली.

१४ नोव्हेंबर
निघालो. गल्लीने हार घातले. शेजारच्या अर्जुनरावाने विचारलं, घर किती दिवस बंद राहीन? काय करायचंय त्याला? जाताना कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

१५ नोव्हेंबर, मुंबई विमानतळ
काउंटरवरच्या मुलीचा पहिला प्रश्न: रिटर्न तिकीट? इथपर्यंत हात पोचले जावयाचे! मी तिचा बिल्ला नंबर विचारला. तिने सांगितलाही. गडबडली नाही, म्हणजे मुरलेली आहे.
तेवढ्यात आशाने पर्समधून कागद काढून दिला. जायचं, यायचं, दोन्ही. मी तो उलटसुलट तपासला. म्हणाली, मी गोकुळले तवाच सांगतलं होतं. तुमच्या नादी कोण लागते?
मुलगी म्हणाली, काका, अजून वेळ आहे, आत्ता काढा. ठीक. नातवासाठी तत्त्व सोडलं. गोकुळला फोन केला. म्हणाला, मिनिटभराचं काम आहे काका, ओटीपी आला तो सांगा.
मी सावध झालो. ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. विचारलं, तू गोकुळच कशावरून? त्याने वडिलांचं नाव सांगितलं. ते कुणालाही माहीत असतं. आजोबांचं विचारलं. तो म्हणाला, काका, डोकं आहे का जाग्यावर? आजोबांचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाहीच.
मग मुलगी म्हणाली, सॉरी, काउंटर बंद झालं.
आशा म्हणाली, पोरगी वाट पाहून राह्यली, मी चालली. खरंच गेली.

१६ नोव्हेंबर, चिखली
मागच्या बोळातून घरी आलो. अर्जुनरावाने पाहिलंच. म्हणाला, लवकर आटपलं बे बारसं! तांत्रिक अडचण, म्हटलं.
आशाचा फोन. जावयाने स्वतःची खोली आम्हाला दिली होती, तो हॉलमध्ये झोपतो. माझ्यासाठी आरामखुर्ची आणली आहे, तिच्यावर कुणाला बसू देत नाही. म्हणाला, महिन्याचीच परवानगी आहे म्हणून, नाही तर मामाजीले सहा महिने हलू दिलं नसतं.
यात त्याचा काय हेतू असावा, बराच विचार केला. सापडला नाही.

१८ नोव्हेंबर
बारसं. व्हिडिओ कॉलवर. इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. मुलाचं नाव सोहम. आशाने त्याला मांडीवर घेतलं. कपाळ माझंच आहे. यात शंका नाही.
मग राहवलं नाही. एकदाचं सगळं बोलून टाकलं. देवानंदला म्हटलं, चूक माझी होती, तुझ्यावर उगाच संशय घेतला, तू पोटच्या पोरासारखा आहेस. सोहमला म्हटलं, बाळा, तुला एकदा मांडीवर घ्यायचं होतं रे, बाकी काही नको होतं. डोळे पुसले. थांबलो नाही. एवढं खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.
तिकडून देवानंद जोरात म्हणाला, मामाजी, तुमचं काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं, माइक बंद आहे तुमचा. अन फोन सरळ धरा, कव्हापासून आम्हाले नुसता पंखा दिसून राह्यला.
रेवतीने माइक कसा चालू करायचा ते खुणेने दाखवलं. केला. देवानंद म्हणाला, हं, बोला आता, काय म्हणून राह्यले होते?
काही नाही, म्हटलं. जेवले का सगळे?