स्थानिक मार्ग

चि. रणजित यास,

माझा पासपोर्ट तू तुझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलास, म्हणून मी युरोपातल्या मानवी हक्क न्यायालयाला अर्ज पाठवला होता. काल त्यांचं उत्तर आलं. पाकीट आधीच फोडलेलं. तुझी बायको मेधा म्हणाली, "बाबा, चुकून उघडलं." चुकून! न्यूझीलंडच्या या हॅमिल्टनमध्ये युरोपची पाकिटं रोज येतात का?

ते लिहितात, आम्ही फक्त करारात सामील असलेल्या देशांविरुद्धच्या तक्रारी ऐकतो, न्यूझीलंड त्यात नाही. आणि असता तरी आधी सगळे स्थानिक मार्ग वापरून मग आमच्याकडे यायचं. मला वाटलं, हे तूच टाइप केलंस. कागद उजेडात धरूनसुद्धा पाहिला.

पण कराड कोर्टात फायलिंगच्या टेबलावर एकतीस वर्षं मीही अशाच कारणांनी अर्ज परत केले. नियम बरोबर आहे. इथे स्थानिक मार्ग म्हणजे तू. "मला घरी जायचंय, पासपोर्ट दे," असं मी तुला एकदाही म्हटलेलं नाही.

हे पत्रही तुला देणार नाही. तू तोंडावर नाही म्हणालास, तर त्यावर अपील कुठे करायचं?

तुझा बाप, तूर्त अर्जदार,
मधुकर