शेवटच्या पानावरची फी

दिघी,
३ फेब्रुवारी २०२५

चि. नागसेन,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

मला फोनवर धड ऐकू येत नाही आणि त्या काचेवर बोटं वळत नाहीत, म्हणून ही चिठ्ठी तुमच्या कंपनीची बस चालवणाऱ्या विलासभाऊंच्या हाती कुरुळीला धाडते आहे. तुझं उत्तरही त्यांच्याच हाती दे.

गुवाहाटीहून पिंकीचा मेसेज आलाय. रक्तदाब चढलाय, पाय सुजलेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, दिवस भरायची वाट बघता येणार नाही, कधीही पोट उघडावं लागेल. जावई भीमराज सरहद्दीवर, रजा नाही. माझी लेक त्या परक्या गावात एकटी आहे रे. मला लवकरात लवकर तिच्याजवळ पोचव. विमानाचं तिकीट तूच काढ.

एक मात्र बजावते. आधी सांगितला नाही असा एक रुपयाही द्यायचा नाही! ठेकेदार आमच्या पगारातून नवनवी नावं काढून कापायचा, तेव्हा भोसरीच्या कंपनीच्या गेटवर उभं राहून मी विचारलं होतं, कोणाला विचारून कापलंस? तू तेव्हा माझ्या कडेवर होतास. आत्याचा भाचा आहेस, हे विसरू नकोस.

रात्रपाळीत उपाशी राहू नकोस. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
कस्तुराआत्या


कुरुळी,
४ फेब्रुवारी

ती. आत्या,
सविनय जयभीम वि. वि.

तुझ्या शब्दाला जागलो. थेट गुवाहाटीचं विमान सापडलं. भाडं बघून मनात म्हटलं, झालं काम. पण पुढच्या पानावर विमा आपोआप चिकटला, तो काढला. मग खिडकीची जागा चिकटली, तीही काढली. शेवटच्या पानावर कन्व्हिनियन्स फी, म्हणजे घरबसल्या तिकीट काढू दिल्याचे वेगळे पैसे. कार्ड बदलून बघितलं तर फी आणखी वाढली! कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं, जणू मीच चोर आणि ते पोलीस. कस्टमर केअरला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, अटींमध्ये लिहिलेलं आहे. मी म्हटलं, ताई, भाड्याशेजारी का नाही लिहिलं? तिने फोन ठेवला.

मीही पान बंद केलं. आमच्या कंपनीत बिलात नसलेला एक नट जास्त आला तरी मी अख्खी पेटी परत पाठवतो. रूममधला प्रज्वल हसतोय, म्हणतो, भावा, तुझ्या आत्याला विमानाच्या दारात सभा घ्यायचीय का? हसू दे. उद्या सुट्टी झाली की फी नसलेली जागा शोधतोच.

पिंकीताईला धीर दे. अशीच हक्काने रागवत जा.
तुझा,
नागसेन


दिघी,
५ फेब्रुवारी

चि. नागसेन,
आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचून शाबास म्हणणार होते, तेवढ्यात फोनवर मेसेज आला. पिंकी लिहिते, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, डोकं फुटतंय, दवाखान्यात दाखल करून घेतलंय, आई, तू कुठवर आलीस?

मी कुठवर आले, नागसेन? मी दिघीतच बसले आहे. माझं तत्त्व खरं आहे, उद्याही खरं राहील, पण ते माझ्या लेकीच्या उशाशी उभं राहणार नाही. जी फी मागतील ती भर. शिफ्ट सोड, सुपरवायझर ओरडला तर ओरडू दे. आत्ताच्या आत्ता भर!

घाईत आहे, तरी सगळी भिस्त तुझ्यावरच आहे.
कस्तुरा


कुरुळी,
५ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. आत्या,
जयभीम.

तिकीट निघालं, पण ऐकून घे. काल बघितलेलं थेट विमान भरलं. आता उद्या सकाळी पुण्याहून दिल्ली आणि तिथे विमान बदलून गुवाहाटी. फी भरली, विम्याची खूणही काढत बसलो नाही. काल मुकाट भरली असती तर आज तू ताईच्या खाटेजवळ असतीस.

मला आता दिल्लीची भीती वाटते. तिथे सगळं भोंग्यावर पुकारतात, विमानात चढायचं दार बदललं तरी पुकारूनच सांगतात आणि तुला ऐकू येणार नाही. वर्दी घातलेल्या माणसाला तिकीट दाखवून विचार, पुन्हा पुन्हा विचार, लाजू नकोस. पहाटे रिक्षा घेऊन येतो.

रागावली असलीस तरी मला परकं करू नकोस.
नागसेन


गुवाहाटी,
९ फेब्रुवारी

चि. नागसेन,
जयभीम आणि आशीर्वाद.

ही चिठ्ठी टपालाने येईल, तोवर प्रज्वलला हसू दे.

दिल्लीत दार बदललं होतं. मी जुन्याच दारापुढे बसून राहिले. एका झाडूवाल्या बाईने माझं तिकीट बघितलं आणि हात धरून पळत नेलं. दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. ऑपरेशनच्या कागदावर पिंकीने स्वतःच सही केली होती. नर्स म्हणाली, सही करताना ती दाराकडे बघत होती.

मुलगी झाली आहे. ओंजळीएवढी आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे. छाती हलते की नाही, तेच मी दिवसभर बघत बसते. डॉक्टरीणबाई अजून भरवसा देत नाहीत. काल पिंकीने डोळे उघडले आणि विचारलं, आई, विमानात घाबरलीस का? मी हो म्हणाले. तिने माझ्या तोंडून हो कधी ऐकलं नव्हतं, ती रडायला लागली.

त्या फीची तक्रार माझ्या नावाने कर, कडक शब्दांत कर, मी सोडणार नाही. पण परतीचं तिकीट एवढ्यात बघू नकोस. पेटी उघडली की मी कळवीन.

तुझ्यावर राग नाही. शिकवण माझीच होती.
तुझी,
कस्तुराआत्या