वसुलीचा फोन

प्रिय मामा,

हे पत्र टाकायचा धीर मला होणार नाही.

जाहिरात कंपनीतली नोकरी ही थाप होती. मास कम्युनिकेशनची पदवी घेऊन मी थकलेली कर्जं वसूल करायला फोन करते. पगार अठरा हजार, शिक्षणकर्जाचा हप्ता अकरा. तीन हप्ते थकलेत. जामीन तू, मग कुठल्या तोंडाने सांगणार होते?

आज यादीत तुझाच नंबर आला. कॉलेजात घोटून घेतलेल्या आवाजात मी बोलले. तू ओळखलं नाहीस.

"मॅडम, भाची गुणाची आहे हो. विसरली असेल. तिला नका छळू, मी भरतो."

कॉल रेकॉर्ड होत होता. "आजच भरा," मी म्हटलं.

तू दुपारीच पैसे भरलेस. वसुली झाली की आमच्याकडे सगळे टाळ्या वाजवतात. आज माझ्यासाठी वाजल्या.

तुझी,
गुणाची भाची