तारेच्या अलीकडे

प्रासुरा, २४ जून

प्रिय मेंगिया,

तुला आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी खुशाली आईकडून कळते. मला लिहायचं तू सोडलंस, त्याबद्दल आज काही म्हणत नाही.

आपली सायकलची वाट यंदा बर्फाखालून चांगली निघाली. वरच्या कुरणातून सायकल सोडली की फुलं पायाला लागतात. जंगलातल्या तिसऱ्या वळणाची बाहेरची कड मी वीतभर उंच केली. मी हे कुठल्या शाळेत शिकलो नाही, पण तिथे आता चाक बाहेर घसरत नाही.

मंगळवारी गायी वर गेल्या. दरवर्षीसारखी त्या सकाळी कुरणाच्या टोकाला वाटेवर, गायी खाली उतरू नयेत म्हणून, आडवी तार मीच बांधली, लाल फीतसुद्धा लावली. दुपारी सायकलवरून उतरताना त्याच तारेत शिरलो. डावं मनगट मोडलं. लिनार्ड गुराखी धावत आला आणि आधी पोटभर हसला.

"काय रे गिझेप, बांधलीस तूच आणि मिठीही तूच मारलीस? गायींनासुद्धा दिसते ती!"

"ऊन डोळ्यांवर आलं."

"ऊन तुझ्या पाठीला होतं, बाबा," तो म्हणाला. मग हसला नाही.

म्हणून खाली डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझी नजर कडांकडून आत मिटत चालली आहे. औषध नाही. सायकल बंद. वाटेचं काय करायचं ते गाव बघेल. एवढं आईला सांगितलं आहे, पुढचं नाही.

बाईंनी विचारलं, "मुलं आहेत?"

"एक मुलगी. माझ्यापेक्षा चांगली चालवते." हे तुझ्यासमोर कधी बोललो नव्हतो.

"तिला तपासून घ्यायला सांगा. हे घराण्यात उतरतं."

तू पर्यटकांना घेऊन सायकलवरून उतरतेस, तो आईला पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. उन्हातलं कुरण संपून झाडांखाली शिरताना तू ब्रेक दाबतेस. तिथे वळण नाही, उतारही नाही. तुझ्यामागचे नवखे दाबत नाहीत. मी मात्र कित्येक वर्षं अशा जागी दाबत आलो. मला ती माझी सावधगिरी वाटायची. या दुखण्यात उजेडातून सावलीत शिरलं की आधी काही क्षण दिसत नाही, असं बाई म्हणाल्या.

तपासून घे. माझं चुकलं असेल तर लिही, हवं तितकं हिणव. मी ते पत्र आनंदाने वाचेन. पण असल्या बारकाव्यात मी चुकत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

तुझे डोळे ज्याच्यावर गेलेत तो,
बाबा